पत्र्याच्या वाटीपायी इंजिन घालवू नका



आज पिकावर नाही, इंजिनावर लिहायलोय. पण विषय पाण्याचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आमच्या शेजारच्या आबांकडं मिलिटरीचा जुना शक्तिमान ट्रक आहे, लिलावातून फिरत फिरत आलेला. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या सरकारी कारखान्यात १९५९ पासून हा ट्रक बनू लागला. चारी चाकांना ओढ, त्यामुळं ओल्या काळ्या रानातून उसाची ट्रॉली बाहेर काढायला त्याच्यासारखा गडी नाही. मागल्या हंगामात स्टार्टरच्या मागं ब्लॉकमधून पाणी पाझरायला लागलं. मिस्त्रीनं वरून एम-सील लिंपलं. आबा रोज सकाळी बादलीभर पाणी ओतून काम चालवायचे. एका दुपारी भरली ट्रॉली ओढताना तिथली पत्र्याची वाटी निसटली अन् सगळं पाणी खाली. काटा काही वर चढला नाही, कारण त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच काटा खरं बोलतो. इंजिन बंद करेपर्यंत हेड वाकलं, गॅस्केट गेलं. ऊस फडात, टोळी बसून अन् आबा डोक्याला हात लावून.

त्या वाटीला कोअर प्लग म्हणतात. ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा राहाव्यात म्हणून आत वाळूचा साचा ठेवतात. ती वाळू नंतर ज्या भोकांतून काढतात, त्या भोकांना ही झाकणं ठोकून बसवतात. ट्रक, जीप, आपले ट्रॅक्टर, पाण्यावर थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांना ती असतात. काही जण म्हणतात, हे प्लग बर्फाळ भागासाठी आहेत, पाणी गोठलं की ते निसटतात अन् ब्लॉक वाचतो. तसा काही भरवसा नाही, प्लग जागेवर राहून ब्लॉक फुटू शकतो. अन् गंगाखेडात कुठं पाणी गोठतंय? आपल्याकडं प्लग मरतो तो गंजानं.

आबांचा प्लग मी हातात घेऊन बघितला. बाहेरून ठीक, आतून कागदासारखा पातळ झालेला. मागच्या पोकळीतून तांबडा गाळ ओंजळ भरून निघाला. प्लगचा दोष थोडा, दोष आपण ओततो त्या पाण्याचा.

ड्रिपच्या नळीत क्षार बसतो म्हणून आपण आम्ल सोडतो, पाण्याची तपासणी करतो. अन् त्याच बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये डोळे झाकून ओततो! मीही काही शहाणा नव्हतो. माझा ट्रॅक्टर गळायला लागला तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. गळती थांबली, पण बारीक नळ्या तुंबल्या अन् ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर तापायला लागला. शेवटी रेडिएटर खोलावाच लागला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एक प्लग गळाला की हाताला येणारे सगळे बदला. सगळे एकाच वयाचे, एकच पाणी प्यालेले. एक बदलून बाकीचे ठेवणं म्हणजे एक टायर नवा घेऊन तीन फाटके चालवणं.

काम असं करा. इंजिन थंड होऊ द्या, पाणी काढा. प्लगच्या एका कडेला पंच लावून बेतानं ठोका, तो आडवा फिरला की पकडीनं ओढून घ्या. पंच खोल घालू नका, मागं सिलिंडरची भिंत आहे. प्लग आत पडू देऊ नका. गाळ पाण्याच्या जोरानं धुऊन काढा. भोकाची कड पॉलिश पेपरनं साफ करा अन् व्हर्नियरनं माप घ्या, जुन्या इंजिनात दोन-तीन मापं निघतात. मिळाला तर पितळी प्लग घ्या, तो लोखंडासारखा गंजत नाही. कडेला सीलंट लावून, वाटीच्या आत बसेल असा सॉकेट धरून सरळ ठोका. बशीसारखा प्लग असेल तर फुगीर बाजू बाहेर ठेवून मधोमध ठोका, तो पसरून घट्ट बसतो.

बऱ्याच इंजिनांना मागं फ्लायव्हीलच्या बाजूलाही प्लग असतात. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स कोण उतरवणार? पण क्लच प्लेट बदलायला गाडी खोलली की त्याच दिवशी तेही बदला. मिस्त्री "राहू द्या, चांगले हायेत" म्हणला तरी ऐकू नका.

नंतर साधं पाणी नको. कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. काही मिस्त्री सांगतात, जुन्या इंजिनात कूलंट टाकलं की गळती सुरू होते. गंज सुटतो अन् झाकलेलं भोक उघडं पडतं, एवढं खरं. पण भोक आधीच पडलेलं होतं. ते घरी उभ्या गाडीत दिसलेलं बरं की भर हंगामात फडात?

कूलंट महाग वाटतं, मलाही वाटायचं. आबांच्या हेडचं बिल बघितल्यावर वाटेनासं झालं.

आज संध्याकाळी बॅटरी घेऊन आपल्या ट्रॅक्टरच्या ब्लॉकखाली एकदा बघा. तांबडा ओघळ दिसला तर हंगामाची वाट बघू नका.