आत्मा एक, माठ दोन

"आपण सगळे एकच आहोत, मग जात कशाला काढता?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. घरातली पहिली पदवी घेऊन पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीत पोचलेल्या आपल्या पोरापोरींना ते हमखास ऐकवलं जातं. आडनाव विचारून झालं की, स्कॉलरशिपचा विषय निघाला की, नाहीतर ऑफिसातल्या ध्यानाच्या शिबिरात. बोलणारा बहुधा हसतमुख असतो. त्याच्या मागे वेदान्त उभा असतो आणि आपल्या हातात जातीचा दाखला. मग तो उदार दिसतो आणि आपण कोत्या मनाचे. बहुतेक जण तिथे गप्प बसतात.

गप्प बसू नये. सगळ्या जीवांत एकच तत्त्व आहे हा विचार लहान नाही, आणि लहान नाही म्हणूनच त्याचा हिशेब मागितला पाहिजे.

या वादात पुरावा म्हणून एक गोष्ट नेहमी पुढे केली जाते. काशीत शंकराचार्यांच्या वाटेत कुत्री घेऊन चांडाळ आला. आचार्य म्हणाले, बाजूला हो. त्याने विचारलं, कोणाला बाजू करायला सांगता, देहाला की आत्म्याला? आचार्य निरुत्तर झाले आणि त्यांनी 'मनीषापंचक' रचलं. गोष्ट सुंदर आहे. पण परंपरा पुढे सांगते की तो चांडाळ म्हणजे साक्षात शिव होता. म्हणजे मान मिळाला तो शिवाला. जो चांडाळ खरोखरच चांडाळ होता, दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून ओझं घेऊन निघाला, त्याला वाट मिळाली का, हे कथेला सांगावंसं वाटलं नाही.

ते शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात कळतं. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण आहे. वेदाच्या मार्गाने ब्रह्मविद्या मिळवण्याचा अधिकार शूद्राला नाही, असा निर्वाळा तिथे आहे, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतण्याचं स्मृतिवचन आधाराला घेतलेलं आहे. विदुरासारख्यांना ज्ञान झालं ते पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे, बाकीच्यांनी इतिहास-पुराणं ऐकावीत. अद्वैत न मानणाऱ्या रामानुजांनीही हा अधिकार नाकारलाच. ब्रह्माच्या स्वरूपावर दोघांचं जमलं नाही, आपल्याबद्दल मात्र एकमत झालं!

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. पारमार्थिक पातळी वेगळी आणि व्यावहारिक वेगळी. परमार्थात सगळे एक, व्यवहारात वर्ण-आश्रम चालायचेच. हीच तर मेख आहे. शंकराचार्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'तत्त्वोपदेशा'त तर सरळच बजावलं आहे की अद्वैत भावनेत नेहमी ठेवावं, क्रियेत कधीच आणू नये. आपल्या आज्यापणज्यांना ही पद्धत चांगली ठाऊक होती. सावकाराकडे दोन वह्या असायच्या, एक दाखवायची आणि एक वसुलीची.

वसुलीच्या वहीतली नोंद पाहायची तर महाडला जावं लागेल. चवदार तळं १९२४ मध्येच नगरपालिकेच्या ठरावाने सर्वांना खुलं झालं होतं, कागदावर. गुरंढोरं, कुत्री तिथलं पाणी पीत होती, त्याने तळं बाटत नव्हतं. सर्व प्राणिमात्रांत एकच चैतन्य आहे हे म्हशीच्या बाबतीत तंतोतंत पाळलं जात होतं म्हणायचं! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळभर पाणी प्यायलं, आणि तळं बाटलं. मग १०८ मडक्यांत दही, दूध, शेण, गोमूत्र भरून, ती मंत्रघोषात पाण्यात बुडवून शुद्धी केली गेली. शेणाने शुद्ध होणारं पाणी माणसाच्या ओंजळीने बाटलं. ज्यांनी ती मडकी बुडवली त्यांना एकत्वाचा सिद्धान्त माहीत नव्हता असं कोणी म्हणेल का? मंत्र तर त्यांना पाठ होते.

पंढरपूरचंही तेच. अवघं जग विष्णुमय म्हणणाऱ्या परंपरेत चोखोबा मोठे संत. मंगळवेढ्याला भिंतीच्या कामावर राबताना ती अंगावर कोसळून १३३८ मध्ये ते गेले असं परंपरा सांगते. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. आणि ते दार आपल्या लोकांसाठी उघडलं १९४७ साली, तेही साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागल्यावर.

हे जुनं झालं म्हणून सोडून द्यावं तर ऊना आहे. जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून भर गावात मारलं. मेल्या गायीतलं चैतन्य मारणाऱ्यांना दिसत होतं, समोरच्या जिवंत पोरांतलं दिसत नव्हतं. आणि ऊना लांबचं वाटत असेल तर पवई आहे. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये फक्त शाकाहारींसाठी टेबलं राखून ठेवली गेली आणि निषेध म्हणून तिथे मांसाहार केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचा दंड ठोठावला गेला. कोंबडीचा जीव तो जीव, आणि ती खाणाऱ्या माणसाने शेजारी बसलं तर अन्न बाटतं. जीवदयेचं हे गणित माझ्या डोक्यात कधी शिरलेलं नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न टाळला नव्हता. 'रिडल्स इन हिंदुइझम' हे त्यांच्या हयातीत न छापलेलं लेखन १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलं. त्यात ते कबूल करतात की सर्वांत ब्रह्म आहे हा सिद्धान्त लोकशाहीला भक्कम पाया देऊ शकला असता. सगळेच ब्रह्माचे अंश असतील तर सगळे समान. मग त्यातून नवा समाज का निघाला नाही, हे त्यांना पडलेलं कोडं. आणि ब्रह्म सर्वव्यापी आहे असं शिकवणारे शंकराचार्यच ब्राह्मणी समाजरचनेतली विषमता उचलून धरतात, यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

एकत्वाच्या भाषेत मला आणखी एक खोट दिसते. 'तू म्हणजे मीच' म्हणणाऱ्याला समोरच्याचं म्हणणं ऐकायची गरजच उरत नाही. मीच तो, मग त्याचं दुःख मला ठाऊकच आहे. तुमचा अनुभव, तुमचा राग, तुमचा दाखला सगळं त्या 'मी'त विरघळून जातं, आणि तो 'मी' दर वेळी त्याचाच असतो, तुमचा कधीच नसतो. बुद्धाने आत्मा नाकारला, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये मैत्रीवर भर दिला. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांशी. मैत्रीला दोघं लागतात. समोरचा माझ्याहून वेगळा आहे, त्याला माझ्यासारखं व्हायची गरज नाही, आणि तरीही पाण्यावर त्याचा माझ्याइतकाच हक्क आहे, एवढं तिथे आधी मान्य करावं लागतं.

अद्वैत क्रियेत आणणारे लोक झाले नाहीत असं नाही. केरळात ईळव समाजात जन्मलेले नारायण गुरू पक्के अद्वैती. १८८८ मध्ये अरुविप्पुरमला त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलिंग स्थापलं, ज्याचा अधिकार ब्राह्मणांनी स्वतःकडे ठेवला होता. पण त्यांचे शिष्य सहोदरन अय्यप्पन यांना एवढ्याने भागणार नाही असं वाटलं. आपल्यावर होणारा अन्याय दिसतो, मग आपण पुलयांवर करतो त्याचं काय? पुलय म्हणजे ईळवांच्याही खाली ढकललेली जात. १९१७ मध्ये चेराई इथे त्यांनी ईळवांना पुलयांसोबत एका पंगतीत जेवायला बसवलं. आपल्यातल्या पोटजातींच्या सोयरिकी आठवल्या की ही पंगत मला फार जवळची वाटते. अय्यप्पन यांच्यावर त्यांच्याच जातीतले लोक उलटले, त्यांना 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवू लागले. त्यांनी ती शिवी पदवीसारखी मिरवली.