भूल आणि मूत्रपिंडे
बेळगाव-निपाणीकडील मळ्यांवर राखणीचा कुत्रा घरातलाच मानला जातो. त्याच्या शस्त्रक्रियेची वेळ आली की सर्वांचे लक्ष जखमेकडे असते. आम्हांस मात्र मूत्रपिंडांची आठवण द्यावीशी वाटते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. भुलीने रक्तदाब उतरतो; सरासरी दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरांखाली बराच वेळ राहिल्यास हा पुरवठा आटून मूत्रपिंडांस कायमची इजा होऊ शकते. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याचे रक्त आधी तपासून घ्यावे. भुलीत सलाईन लावणार का, रक्तदाब मोजणार का, हे डॉक्टरांस विचारावे. घरातली वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नये. घरी आणल्यावर त्यास लघवी होते की नाही, ते पाहावे. मुके जनावर स्वतः सांगणार नाही.