पुसलेला ठिपका

वडिलार्जित ठेव म्हटली कीं, लोकांच्या डोळ्यांपुढें घर, शेत आणि नारळी-पोफळींची वाडी येते. परंतु केळशीसारख्या गांवांत पुष्कळ घरीं आणखी एक ठेव असते : माळ्यावरील पेटींत, फडक्याच्या पुरचुंडींत बांधलेलीं जुनीं नाणीं. तीं हातीं येतांच दोन प्रश्न निघतात. किती तोळे भरतील, आणि चकचकीत कशीं होतील? आमच्या मतें हे दोन्ही प्रश्न मागाहूनचे होत. पहिला प्रश्न, "हें नाणें कोणत्या टांकसाळींत पाडलें?" हा असावा.

त्याचें उत्तर नाण्यावरच असतें. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतील रुपयाच्या मागील अंगास, अगदीं तळाच्या फुलांत, बारीक इंग्रजी 'बी' दिसल्यास तो मुंबईचा. 'सी' दिसल्यास कलकत्त्याचा. पंचम जॉर्जच्या रुपयावर तळाच्या कमळाखालीं उठावदार ठिपका असेल तर मुंबई. कांहींच नसेल तर कलकत्ता. १९४३ ते १९४५ च्या कांहीं नाण्यांवर 'एल' आढळतो. तीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लाहोरास पाडलेलीं. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सनाखालीं शंकरपाळ्याच्या आकाराची खूण बहुधा मुंबईची, चांदणी हैदराबादची, आणि १९८८ मध्यें सुरू झालेल्या नोएडाच्या टांकसाळीची खूण ठिपका. तेव्हां जो ठिपका जॉर्ज राजाच्या रुपयावर मुंबई सांगतो, तोच आजच्या नाण्यावर नोएडा सांगतो. म्हणून खूण नेहमीं सनासह वाचावी.

आणि खूण नसणें हीच कलकत्त्याची खूण! येथेंच मोठा धोका आहे. बालपणीं आम्हीं आजोबांचे रुपये चिंच व राख लावून घासले. ते आरशासारखे झाले. वडीलधाऱ्यांनीं शाबासकीही दिली. पुढें भिंग घेऊन बसलों, तेव्हां पंचम जॉर्जच्या एका रुपयावर ठिपक्याच्या जागीं नुसते ओरखडे दिसले. तो मुंबईचा कीं कलकत्त्याचा, हें आतां कोण सांगणार? घासलेलें नाणें मुकें होतें एवढेंच नव्हे, तें खोटी साक्षही देऊं लागतें. १९३९ चा रुपया दुर्मिळ; म्हणून १९३८ च्या शेवटच्या आंकड्यावर कोरीवकाम करून तो १९३९ चा म्हणून विकणारे लबाड निघतात. लबाड जें लोभानें करितो, तेंच आम्हीं अज्ञानानें केलें.

कोणी म्हणेल, एवढ्याशा ठिपक्याचें काय मोठेंसें? कोंकणांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या पोटासाठीं मुंबईस गेले; १८२९ मध्यें बांधून पुरी झालेली टांकसाळही त्याच शहरांत. आपल्या पेटींत मुंबईचींच नाणीं अधिक आहेत कीं काय, हें मोजून पाहण्याजोगें नाहीं काय? अर्थात् नाणें हातोहात फिरतें. त्याची खूण त्याचें जन्मस्थान सांगते, धन्याचा प्रवास नव्हे. तो प्रवास घरच्या माणसांस विचारावा लागतो. आपल्याच केळशीच्या वाळूच्या टेकडीचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं केला, तो थरांवरून. थर विस्कटले असते तर त्यांस काय वाचतां आलें असतें? घरांतल्या पेटीचेंही तसेंच आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें : नाणें कडेनें धरा, घासूं नका, भिंगानें पाहा आणि सन व खूण वहींत लिहा. शेजारीं लिहा कीं, हें कोणी, कोठून, केव्हां आणलें. पालकांस विनंती एवढीच कीं, आजी-आजोबा सांगावयास आहेत तोंवर मुलांस त्यांच्यापाशीं बसवावें. चांदी सोनारास केव्हांही विकतां येईल. पुसलेला ठिपका मात्र सोनारालाही परत घालतां येत नाहीं, आणि घातलाच तर तो खरा नसतो.