दहापैकी किती?

दोस्तांनो, तुमच्या सायकलींचे फोटो बघून बघून माझे डोळे गरगरायला लागलेत. सायकलीला मार्क देतो म्हटलं, तर केवढा हा उत्साह! शाळेतल्या मार्कांसाठीही असाच असेल, अशी आशा करतो.

या वेळी दोन फोटो निवडलेत, दोन्ही बीड जिल्ह्यातले. एक आलाय गेवराई तालुक्यातून, म्हणजे गोदावरीकाठच्या सपाट गंगथडीतून. दुसरा धारूरकडून, बालाघाटच्या डोंगरातून. नकाशात ही गावं एकाच जिल्ह्यात दिसतात, पण सायकलवाल्याच्या पायांना विचारा, दोन देश आहेत!

पहिला फोटो नववीतल्या एका दोस्ताचा. तो लिहितो: “काका, मामाच्या ओळखीचे एक जण पुण्यात राहतात. ते त्यांची रेसर सायकल विकतायत. 11,000 सांगितलेत. माझ्याजवळ दोन वर्षांत साठवलेले 8,000 आहेत. बाकीचे कापूस विकल्यावर देतो म्हणाले बाबा. सायकल लई भारी दिसते. दहापैकी किती मार्क? आणि घेऊ का नको?”

यात प्रश्न दोन आहेत बरं का, एक नाही. त्याला वाटतंय की पहिल्याचं उत्तर तेच दुसऱ्याचं. म्हणून आपण एकेक करून बघू.

आधी दिसणं. सायकल देखणी आहे, यात वादच नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची असावी. लाल रंग, बारीक पोलादी नळ्या, वरची नळी जमिनीला अगदी समांतर. पुढचा चिमटा खाली येता येता हलकासा पुढं वळलाय. खाली वाकलेल्या हँडलवर काळी पट्टी, तीही शेवटपर्यंत सारखी गुंडाळलेली. ब्रेकच्या केबली बघा. लोंबत नाहीत आणि ताणलेल्याही नाहीत. केबल उगाच लांब ठेवली की आतली तार जड सरकते, आखूड ठेवली की हँडल वळवताना अडते. डोळ्याला जी बरोबर वाटते तीच लांबी कामालाही बरोबर.

आणि एक बारीक गंमत. टायरवरचं कंपनीचं नाव बरोबर ट्यूबच्या वॉल्व्हसमोर आलंय. रेसर सायकलींचे शौकीन हे मुद्दाम करतात. नुसती हौस वाटते ना? पण समजा पंक्चर झालं. ट्यूबचं भोक पाण्यात सापडतं, काटा मात्र टायरमध्येच लपून बसलेला असतो. अशा वेळी भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघायचं आणि टायरवर नावापासून दोन्ही बाजूंना तेवढंच अंतर मोजून काटा शोधायचा. (बोट जपून फिरवा!) जिथं बाभळीचे काटे आणि सराटे आहेत, तिथं ही युक्ती लाखाची आहे.

दिसण्याला 10 पैकी 8. एक मार्क पांढऱ्या सीटचा कापला, कारण आपल्या धुळीत ती आठ दिवसांत चहाच्या रंगाची होईल. दुसरा त्या अर्धवट खरवडलेल्या स्टिकरचा. ठेवा तरी नाहीतर पूर्ण काढा.

आता दुसरा प्रश्न. इथं आपण थोडी गुप्तहेरगिरी करू. रेसर सायकलींची चाकं जगभर बहुतेक एकाच मापाची असतात. रिमवर टायर बसतो तिथला व्यास 622 मिलिमीटर. त्यावर 23 मिलिमीटरचा बारीक टायर चढवला की बाहेरून बाहेर साधारण 67 सेंटिमीटर. म्हणजे फोटोतच आपली फूटपट्टी आहे! फोटो बरोबर बाजूने काढलेला हवा. चाक 6.7 सेंटिमीटर भरेल इतका तो मोठा करायचा. मग फोटोतला 1 सेंटिमीटर म्हणजे खरे 10 सेंटिमीटर. मी पायडलच्या आसापासून सीटखालची नळी मोजली. 5.7 भरली, म्हणजे फ्रेम 57 ची.

आणि आपला दोस्त? त्यानं पत्रात स्वतःचं मापही दिलंय (शाब्बास!). जांघेपासून जमिनीपर्यंत 72 सेंटिमीटर. आडव्या दांड्याच्या रेसर सायकलीसाठी एक जुना ठोकताळा आहे: या मापाला 0.66 नं गुणायचं. उत्तर येतं साडेसत्तेचाळीस. म्हणजे सायकल तब्बल साडेनऊ सेंटिमीटर मोठी! या फ्रेमचा वरचा दांडा जमिनीपासून जवळपास 80 सेंटिमीटरवर असणार. दोन्ही पाय टेकवून उभंच राहता येणार नाही. आपल्या आजोबांनी मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारली, तसं करता येईल म्हणा. पण 11,000 रुपये देऊन कैची?

“अजून उंची वाढेल की,” असं घरचे म्हणतील. सदरा वाढत्या अंगाचा शिवला तर बाह्या दुमडता येतात. सायकलची नळी दुमडता येत नाही. आणि या सायकलीत हँडल नुसतं लांब नाही, खालीही आहे. हँडल सीटपेक्षा जितकं खाली तितकी सायकल रुबाबदार, असा शौकिनांचा एक नियम आहे. मला तो निम्माच पटतो. तासाभराच्या शर्यतीत वारा कापायला तो ठीक आहे. पण रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत घ्या. सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्यानं, 12 दिवसांच्या आत! 2017 मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती पुरी केली. एकट्यानं पुरी करणारे ते पहिले भारतीय. त्या शर्यतीत काही जणांची मान इतकी थकते, की डोकंच वर राहत नाही. 1983 च्या शर्यतीत मायकेल शर्मर यांचं असं झालं, म्हणून त्या दुखण्याला ‘शर्मरची मान’ असं नावच पडलंय. वाकून बसणं ही शरीराला हळूहळू लावायची सवय आहे. साडेनऊ सेंटिमीटर मोठ्या सायकलीवर, ब्रेकपर्यंत बोटं जेमतेम पोचत असताना, ती लागणार नाही.

पुढं टायरकडे बघा. 23 मिलिमीटर. एकेकाळी शर्यतीत हेच टायर चालत. आता मोठमोठे शर्यतपटूही 28 आणि त्याहून रुंद वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर थोडा रुंद, थोडा कमी फुगवलेला टायर कमी उड्या मारतो आणि वेग टिकवतो. मग घातला रुंद टायर, झालं? नाही ना! या सायकलीच्या ब्रेकची कमान टायरच्या इतकी जवळ आहे, की मध्ये जेमतेम नख शिरेल. गंगथडीची काळी माती पावसाळ्यात चपलेला कशी चिकटते, ते मी तुम्हाला सांगायला नको. पक्क्या रस्त्यावरून गावच्या वाटेला वळलात की दहा पावलांत चाक जाम.

चाकाला तारा किती? मोजल्या, 20. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 असत. मागं जास्त का, सांगा बरं? दुधाच्या किटल्या, पोतं, शिवाय कॅरिअरवर बसलेला धाकटा भाऊ, सगळा भार मागं. 40 मधली एक तार तुटली तर घरापर्यंत जाता येतं. 20 मधली तुटली की रिम वाकडी होऊन ब्रेकला घासते. आणि तशी तार गावच्या दुकानात मिळणारही नाही. ट्यूबचा वॉल्व्हसुद्धा वेगळा, लांब आणि बारीक. दुकानातला पंप त्याला बसत नाही. त्यावर पितळेची छोटी टोपी मिळते, ती बसवली की काम होतं. हा दोष किरकोळ आहे, मी धरत नाही.

गिअरचं काय? पत्रात त्यानं लिहिलंय, सायकल आली की कपिलधारचा धबधबा बघायला जाणार. छान! पण बीडवरून जाताना मांजरसुंब्याचा घाट लागतो. या सायकलीच्या पुढच्या लहान चक्राला 39 दाते, मागच्या सगळ्यात मोठ्याला 25. भागा बघू. 1.56. चाकाचा घेर सुमारे 2.1 मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास 3.3 मीटर पुढं जाते. शर्यतीतल्या गड्याला ठीक. तुमच्या-माझ्यासारख्यानं पुढं 34 आणि मागं 28 घ्यावं. मग एका फेऱ्यात अडीच मीटर. चढ तोच, पण एका वेळी थोडा थोडा घास.

तेव्हा माझ्या दोस्ता, ही सायकल घेऊ नकोस. सायकल वाईट नाही. ती पुण्याच्या डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्या, तुझ्याहून फूटभर उंच माणसासाठी जमवलेली आहे आणि त्याला ती शोभत असणार. मामांना सांग, 48 ते 50 च्या फ्रेमची मिळाली तर बघा. तीत 32 मिलिमीटरचा टायर मावला पाहिजे, चाकाला 32 तारा पाहिजेत आणि केबली बाहेरून गेलेल्या असाव्यात. हल्ली केबली हँडलच्या आतून नेण्याची टूम आहे. दिसतं एकदम स्वच्छ. पण एक केबल बदलायची तर अख्खं पुढचं तोंड सोडवायला लागतं. बाहेरची केबल दुकानात दहा मिनिटांत बदलून मिळते. तोवर तुझे 8,000 तुझ्याजवळच राहू देत. बाबांचा कापूसही.

नुसतं दिसणं उचललं की काय होतं, याचा एक मजेदार दाखला. 25 ऑक्टोबर 1972 ला बेल्जियमच्या एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर सायकल मारून विक्रम केला. त्याच्या सायकलीचं वजन सहा किलोहूनही कमी होतं. वजन वाचवायला हँडलला भोकं, चेनला भोकं. ब्रेक तर नव्हतेच! ती सायकल एकाच माणसासाठी, एकाच तासासाठी, गुळगुळीत धावपट्टीवर बनवलेली. पण त्या काळात जगभरच्या पोरांनी ड्रिल घेतलं आणि आपल्या सायकलीच्या चक्रांना, ब्रेकच्या दांड्यांना भोकं पाडत सुटली. आणि अशा सायकली रोजच्या खड्ड्यांतून चालवल्या!

आता दुसरा फोटो. धारूर तालुक्यातली एक मैत्रीण, आठवीतली. “माझी सायकल मानव विकास कार्यक्रमातून शाळेत मिळालेली आहे. दादाच्या सायकलला 21 गिअर आणि पुढं-मागं स्प्रिंग आहेत. तो माझ्या सायकलला डबा म्हणतो. मार्क नाही दिले तरी चालतील, पण बघा.”

बघितली. दोनदा बघितली. ही काही रेसर नाही, पण ही रोज पाच किलोमीटर जाते आणि पाच येते. मडगार्ड दोन्ही आहेत, टायरपासून चांगले लांब, म्हणजे चिखलाला वाट आहे. चेनवर पूर्ण झाकण, त्यामुळे सलवार अडकत नाही. आणि कॅरिअरला तिनं जुन्या ट्यूबची पट्टी कापून बांधलीय, दप्तरासाठी! हा तिचा स्वतःचा शोध. दुकानातल्या स्प्रिंगच्या पट्टीपेक्षा रबर दप्तर घट्ट धरतं आणि गंजत नाही. दादाच्या सायकलीचा फोटो तिनं पाठवलेला नाही, म्हणून मार्क देत नाही. पण स्वस्तातल्या डबल स्प्रिंगवाल्या सायकली मला ठाऊक आहेत. वजन 18-20 किलो, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की निम्मा जोर स्प्रिंगच खाते. दिसायला मोटरसायकल आणि चढायला बैलगाडी.

मैत्रिणी, तीन गोष्टी मात्र कर. सीट फार खाली आहे. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेलास तर तो जवळजवळ सरळ व्हायला हवा, तेवढी वर घे. ब्रेकचे रबर झिजून पत्र्याला आलेत. धारूरचा घाट अरुंद आहे, वळणं वाईट आहेत. त्या बाजूला जाण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, रबर बदल. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांनीच ऐका. तिच्या सायकलीला पुढं 44 दाते आहेत आणि मागं 18. पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे 5 मीटर. सपाटीला छान, डोंगरात जड. मागचं फ्रीव्हील 22 दात्यांचं बसवलं की साधारण 4 मीटर होतं. चेनची एखाद-दुसरी कडी वाढवावी लागेल, बस्स. 21 गिअरपेक्षा हा एक बदल तिच्या रस्त्याला जास्त उपयोगी.

10 पैकी 9. एक मार्क ब्रेकच्या रबराचा. रबर बदलल्याचा फोटो आला की तोही देईन.

पुढच्या वेळेसाठी फोटो पाठवताना एवढं करा: सायकल भिंतीला टेकवून, चेनची बाजू आपल्याकडे. चेन मोठ्या चक्रावर, पायडलचा दांडा आडवा. कॅमेरा चाकाच्या आसाच्या उंचीवर धरायचा, म्हणजे गुडघ्यावर बसा. हँडलला पिशव्या नकोत. आणि मागं, जांघेपासून जमिनीपर्यंतचं तुमचं माप आणि पुढच्या-मागच्या चक्रांचे दाते मोजून लिहा. दाते मोजताना सुरू केलेल्या दात्यावर खडूची खूण करा, नाहीतर गोल गोल मोजतच बसाल!