तारेचे टोक कोठे टेकते?

घरात पेसमेकर बसविण्याचा प्रसंग आला म्हणजे आप्तमंडळी यंत्र देशी की विलायती, बॅटरी किती वर्षे चालेल आणि खर्चाची तजवीज कशी करावयाची याची चौकशी अगत्याने करतात. परंतु त्या यंत्रातून निघालेली तार हृदयात नेमकी कोठे टेकणार, हे कोणी विचारीत नाही आणि बहुधा कोणी सांगतही नाही.

१९५८ साली न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन यांनी शिरेतून तार सरकवीत उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यात नेली. पुढे ती त्या कप्प्याच्या अगदी तळटोकाशी अडकविण्याचा प्रघात पडला, तो मुख्यतः सोयीसाठी. तेथील स्नायूंच्या जाळीत तार सहज रुतते. वास्तविक जवनिकेस कृत्रिम रीतीने चेतविले तर तिचे आकुंचन दुबळे होते, हे कार्ल विगर्स यांनी १९२५ मध्येच कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले होते; पण ज्याची नाडीच बुडत चालली आहे त्यास जगविणे हाच जेथे मुख्य मामला, तेथे असल्या हिशेबाची फुरसत कोणास असणार?

निसर्गाचा बंदोबस्त मात्र मोठा शिस्तीचा आहे. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने मारबुर्ग येथे राहून १९०६ साली त्याचा नकाशा उलगडला. वरच्या कप्प्यांतून आलेला हुकूम हिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुडग्यातून, तेथून डाव्या-उजव्या शाखांतून व शेवटी सूक्ष्म तंतूंतून दोन्ही जवनिकांस जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो. जणू सुभ्याचे फर्मान डाकचौक्यांवरून एकाच दिवशी सर्व परगण्यांत फिरावे. तार तळटोकाशी टेकली म्हणजे तेच फर्मान सरहद्दीवरच्या खेड्यातून सुटते आणि स्नायूकडून स्नायूकडे पायवाटेने रखडत जाते. मधला पडदा आधी आखडतो, डावी भिंत मागाहून, आणि एकीचा जोर दुसरीच्या ढिलाईत जिरतो. असे वर्षानुवर्षे चालले की काहींचे हृदय फुगते व दुबळे होते.

२००२ मधील ‘डेव्हिड’ चाचणीत हृदय आधीच अशक्त असलेले ५०६ रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांची गती यंत्राने मिनिटास सत्तरीवर राखली, त्यांची अवस्था, ज्यांचे यंत्र चाळिसाच्या खाली गेल्यासच जागे होई त्यांच्यापेक्षा वाईट झाली. यंत्राची मदत क्वचितच लागणाऱ्याने मात्र घाबरण्याचे कारण नाही.

हा तोटा टाळण्यासाठी तार निसर्गाच्या मूळ वाटेवरच टेकविण्याचेही प्रयत्न झाले. पेनसिल्व्हेनियात प्रमोद देशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिसच्या जुडग्यावरच कायमची तार बसविल्याचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध केला (आडनाव वाचून मराठी वाचकास किंचित अभिमान वाटल्यास तो क्षम्य मानावा). २०१७ मध्ये चीनमधील हुआंग वेइजियान यांनी तार मधल्या पडद्यात स्क्रूप्रमाणे खोल फिरवून डाव्या शाखेशी भिडविली. हे काम हातोटीचे आहे, आणि वीस वर्षांनी अशा तारांचे काय होते, ते पाहावयाचे अद्याप बाकी आहे.

जुनी तार ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांनी ती उपटण्याची घाई करू नये. दर शंभर ठोक्यांपैकी किती यंत्राने दिले याची नोंद यंत्राच्या दप्तरी असते. पुढील तपासणीत तो आकडा विचारावा, आणि तो विसाच्या पुढे असून जिना चढताना दम लागू लागला असेल, तर वयास दोष देण्यापूर्वी एकदा इको काढून घ्यावा.