अनोळखी माणसाचा रस्ता

१८३८ साली फ्रेंच छायाचित्रकार दागेरने पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला. प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत, त्यामुळे घोडागाड्या, पादचारी सगळे नाहीसे झाले. राहिला तो बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक जण. तो कोण, हे कधीच कळले नाही.

मुंबईत छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने या अडचणीतून चलाख वाट काढली. माणसांचे फोटो वेगळे काढायचे, जागांचे वेगळे, आणि दोन्ही जोडायचे. मुंबईतल्या जातीजमातींचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६चे, दुसरा महाराष्ट्राचा. पाने देखणी आहेत, पण चित्राखाली माणसाचे नाव नाही, जात आहे. पुढे ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड सरकारनेच काढले. राज्य करायचे तर रयत ओळखू यायला हवी, हा १८५७ नंतरचा हिशेब.

१९२५ साली लायका बाजारात आला आणि कॅमेरा खिशात मावू लागला. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांचे १९९४चे मुंबईवरचे पुस्तक पाहावे. दुकानांच्या काचा, त्यांतली प्रतिबिंबे, चौकटीच्या कडेला अर्धे कापले गेलेले चेहरे. कोण कुठल्या जातीचा, हे तिथे कोणी सांगत नाही. माणूस आपल्या घाईत आहे, एवढेच कळते. संमती त्यांनी तरी कुठे घेतली, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. फुटपाथवर झोपलेल्याचा फोटो काढून बक्षीस मिळवणाऱ्यांना तर तो विचारलाच पाहिजे. पण सिंह यांच्या चौकटीतला अनोळखी माणूस अनोळखीच राहतो, आणि रस्त्यावरच्या छायाचित्रणाचे मोल मी तिथेच मानतो.

तेच अनोळखीपण आता धोक्यात आहे. दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारी यंत्रणा घेतली ती हरवलेली मुले शोधण्यासाठी. मार्च २०२० मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले, की दिल्लीच्या दंगलीतले ११०० हून अधिक लोक तिच्या मदतीने ओळखले गेले. दंगेखोर सापडावेत, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी यंत्र रस्त्यावरच्या प्रत्येकाचा चेहरा चाळते. जॉन्सनला निदान माणसाला समोर उभे तरी करावे लागे.

सार्वजनिक जागी गेल्याने खासगीपणा संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१७च्या निकालात नमूद आहे. मग मुंबईतल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या सरकारी कॅमेऱ्यांतले चित्रण किती दिवस ठेवतात, कोण पाहते आणि कोणाच्या परवानगीने, हे मुंबईकराला पोलीस चौकीच्या फलकावर वाचायला मिळाले पाहिजे.