लसावि, मसावि आणि गोळ्यांची वेळ

लसावि-मसावि म्हटले की बहुतेकांना परीक्षेतल्या घंटा आठवतात: एक दर सहा मिनिटांनी वाजते, दुसरी आठ मिनिटांनी, दोन्ही पुन्हा एकदम कधी वाजतील? परीक्षा संपली की हा धडा विसरला जातो. प्रत्यक्षात तो घरातल्या औषधांच्या पिशवीत आयुष्यभर असतो.

औषध शरीरात किती वेळ टिकते, त्यावरून दोन मात्रांमधले अंतर ठरते. तरीही ते बहुधा 4, 6, 8, 12 किंवा 24 तासांचेच ठेवतात. कारण या सगळ्या संख्यांनी 24 ला पूर्ण भाग जातो, म्हणून रोज घड्याळातल्या त्याच वेळा येतात. गोळी दर पाच तासांनी दिली, तर वेळ रोज सरकेल. 5 आणि 24 चा लसावि 120. म्हणजे पहिली वेळ पाच दिवसांनी परत येईल. एवढे कोण लक्षात ठेवणार?

मसाविचा उपयोग याहून मोलाचा. घाटनांदूरसारख्या गावातून अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात तपासणीला जाणाऱ्या गरोदर बाईला लोहाची रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या सांगितलेल्या असतात. कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियम दर 12 तासांनी, लोह दर 24 तासांनी, मसावि 12. सुरुवातीच्या फरकाला मसाविने पूर्ण भाग गेला, तरच दोन वेळा कधीतरी जुळतात. कॅल्शियम सकाळी आणि रात्री 8 ला जेवणानंतर, लोह दुपारी 2 ला घेतले, तर फरक सहा तासांचा. 6 ला 12 ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून या गोळ्या कधीच एकत्र येणार नाहीत. दोन्ही सकाळी 8 ला सुरू केल्या, तर मात्र रोज सकाळी गाठ पडेल आणि लोहाची गोळी बरीचशी वाया जाईल. बाई म्हणेल, ‘गोळ्या तर रोज घेते’, आणि रक्त काही वाढणार नाही.

म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘दिवसातून दोनदा’ न लिहिता घड्याळातली वेळ लिहावी. पहाटेच उसाच्या फडात जाणाऱ्या बाईला विचारूनच ती ठरवावी. आणि शाळेत घंटांच्या जोडीला गोळ्यांचे उदाहरण द्यावे. सहावीतली मुलगी घरी जाऊन आईच्या गोळ्यांच्या वेळा नीट लावून देईल. गणिताचा याहून चांगला गृहपाठ कोणता?